विदेशी मॅडमचा शेरा

झाशीच्या इलाइट चौराह्यावर माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला, त्या दिवशी आत्या सकाळीच रिक्षाने जाऊन तो बघून आली. "अगं, केवढा मोठा लावलाय! खालच्या मिठाईवाल्या भैयाला सांगूनसुद्धा आले, ये हमारी भतीजी है." फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'लंदन की मैडम से सीखिए असली अंग्रेज़ी'. मी लंडनची नव्हे, लेस्टरची. आणि तिथे मी कोणाला काही शिकवत नव्हते, एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालत होते. कॉलेज अर्धवट सोडलेलं. आई-बाबा दोघंही मूळचे झाशीचे. बाबांनी घरात इंग्रजीला बंदी केली होती म्हणून निदान हे मराठी तरी लिहिता येतं. घरी माझ्याकडे बघून सुस्कारे टाकणं सुरू झालं, तेव्हा आत्या म्हणाली, पाठवा इकडे सहा महिने. मी आले.

खंडेराव गेटजवळ आत्याचा फ्लॅट, तिथून कोचिंग क्लास जवळच. मालकांनी माझी मुलाखत पाच मिनिटांत उरकली. मी चार वाक्यं बोलले, त्यांनी ती डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "बस, यही चाहिए." परदेशी जाऊ बघणाऱ्यांना इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते, तिची मोठी बॅच त्यांनी मला देऊन टाकली. ती आधी ज्या सरांकडे होती, त्यांच्याकडे आठवी-नववीची मुलं आली.

सर पन्नाशी उलटलेले. ते इंग्रजी बोलायला लागले की मला हसू यायचं आणि मी ते फारसं लपवतही नसे. त्यांचं शिकवणं म्हणजे नमुन्याचे पेपर आणि टेबलावर टिकटिकणारं घड्याळ. पहिल्याच दिवशी ते एक जाडजूड, कडा दुमडलेली वही घेऊन आले. "मैडम जी, इसमें पूरा पैटर्न है. एक बार देख लीजिएगा."

"सर, मुझे पैटर्न की ज़रूरत नहीं," मी म्हणाले.

ते "जी" म्हणाले, वही तरीही टेबलावर ठेवून गेले. मी ती कपाटात टाकली. खरं सांगायचं तर ती परीक्षा मी कधी दिलीच नव्हती. इंग्लंडात जन्मलेल्या माझ्यासारख्यांना ती द्यावी लागत नाही. पण फ्लेक्सवर फोटो असलेल्या बाईने हे कबूल करायचं कसं?

बॅचमध्ये एक नर्स होती. चोवीस-पंचवीसची, मराठी घरातली. वडील रेल्वेत, भुसावळहून बदलीवर आलेले ते इथेच राहिलेले. ती खाजगी हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून थेट वर्गात यायची, केसांत पिना तशाच. तिला इंग्लंडात नर्स म्हणून जायचं होतं. "मराठी मला समजते सगळी, बोलताना हिंदी येऊन जाते," असं ओशाळून सांगायची. वडिलांनी तिला एकदाच परीक्षेला बसू द्यायचं कबूल केलं होतं. त्या सहा महिन्यांत तिने एकही वर्ग बुडवला नाही. ताप आला होता तेव्हाही ती शाल पांघरून मागच्या बाकावर बसली होती.

ती आधी सरांच्याकडे घड्याळ लावून लिहायला शिकली होती. मी तिचं ते मोडून काढलं. म्हणाले, हे पोपटासारखं काय लिहितेस? मनातलं लिही, मोकळं लिही. तिने दोनदा विचारलं, "पण मॅडम, टाइम?" मी म्हटलं, "चांगलं लिहिणाऱ्याला वेळ पुरतो." वर्ग हसला, तीही हसली आणि तिने घड्याळ आणणं बंद केलं. तिचे निबंध खरंच सुरेख व्हायला लागले. एक तर मी आत्याला वाचून दाखवला, स्वतःचीच पाठ थोपटत.

निकाल लागला. बोलणं, ऐकणं, वाचणं उत्तम. लेखनात ती अर्ध्या गुणाने राहिली.

"पहिल्या प्रश्नातच सगळा वेळ गेला," ती म्हणाली. "दुसरा अर्धाच झाला. दुसऱ्याला मार्क जास्ती होते, मॅडम." तिने एवढंच सांगितलं, मला बोल लावला नाही. ती गेल्यावर मी कपाट उघडून सरांची वही काढली. पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलेलं होतं: पहिल्याला वीस मिनिटं, दुसऱ्याला चाळीस, दुसऱ्याचे गुण दुप्पट. वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मला इतकी शरम वाटली की मी कपाटाचं दार धरून तशीच उभी राहिले.

दोन दिवसांनी तिचे वडील आले, तिला घेऊन. मालकांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. मालक फोनमध्ये डोकं घालून, पण कान इकडेच. वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते. मराठीत बोलायला मिळालं म्हणून त्यांचा चेहरा खुलला.

"मॅडम, तुम्ही आपल्यातल्या, म्हणून विचारतो. बाहेरच्याला नसतं विचारलं. पोरगी म्हणते परत बसते. मी म्हटलं, मेहनत करून राहिली असशील तर परत बसवीन, कुठून पण पैसा आणीन. पण टाळाटाळ केली असेल तर बस्स झालं. तुम्ही सांगाल ते खरं."

ती त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त. मी काय सांगणार याबद्दल तिला शंकाच नव्हती.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. काका, हिची काही चूक नाही, मीच चुकीचं शिकवलं, त्या सरांकडे पाठवा, सहज पास होईल. एवढंच. मालकांनी फोनवरून मान वर केली. मला तो फ्लेक्स आठवला, आत्या आठवली, लेस्टरच्या घरातले सुस्कारे आठवले. आणि हा माणूस मला आपल्यातली म्हणत होता, त्याच्यासमोर मला लहान व्हायचं नव्हतं.

"हुशार आहे," मी म्हणाले. "पण सराव जरा कमी पडला."

तिचा चेहरा फारसा बदलला नाही, फक्त तिने माझ्यावरची नजर काढून जमिनीकडे वळवली. मला वाटलं, आता बोलेल, भांडेल. भांडली असती तर मी कबूल केलं असतं असं मी स्वतःला नंतर किती वेळा सांगितलं! पण मॅडमला खोटं पाडायचं नाही, एवढं तिला घरून शिकवलेलं होतं. मी ते ओळखून होते.

वडील उठले, हात जोडले. "खरं बोललात, बरं झालं. लोक फी घेण्यासाठी काही पण सांगतात. आता हॉस्पिटलची नोकरी आहे, तीच करू दे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मुलीकडे वळून ते म्हणाले, "चल, मॅडमच्या पाया पड."

ती पुढे आली. मला पाय मागे घेता आले असते. तेवढं केलं असतं तरी तिला काहीतरी कळलं असतं. ती वाकली, तिच्या केसांतल्या पिना मला दिसल्या, आणि मी, सवयीने, तिच्या डोक्यावर हात ठेवून "यशस्वी हो" म्हणाले.