दाराच्या फटीतली गोधडी

"पायाने ढकल ना. हात कशाला घाण करतेस?"

काकू म्हणाल्या आणि मी पायाने ढकललं. बाल्कनीच्या दाराखाली फट होती. तिथून गार वारा आत यायचा. त्या फटीत गुंडाळी करून खुपसली होती माझ्या आईने शिवलेली गोधडी. बाळासाठी शिवलेली. काकूंच्या नातवासाठी. तिच्यावर माझा पाय.

मुलुंडला डोंगराकडे तोंड करून उभा असलेला तो टॉवर. तिथे काकूंच्या घरी मी पोळ्या, भाजी, केर-लादी सगळं करायचे. राहायला भांडुपला, डोंगराच्याच अंगाला, पण खालच्या बाजूने. मुंबईत कुठली आलीय थंडी, असं म्हणणाऱ्यांनी जानेवारीत पहाटे आमच्याकडे यावं. मागे जंगल. तिथून वारा सुटला की तो आधी आमच्या घरात शिरतो.

घर पत्र्याचं. उन्हाळ्यात भाजतं, थंडीत गारठतं. पहाटे पत्र्याला आतून घाम फुटतो आणि थेंब अंथरुणावर पडतात. निवडणूक झाल्यावर कुणाचातरी फ्लेक्स मिळाला, तो पत्र्याखाली ताणून बांधला. भिंतीच्या वरच्या फटीत चिंध्या कोंबल्या. गादीखाली पुठ्ठे घातले. अंथरूण दिवसभर उन्हात टाकायचं आणि ऊन उतरायच्या आत गरम आहे तोवर घरात घेऊन दार लावायचं. शेजारणीने एकदा हीटर आणला होता. तो लावला की आमच्या अख्ख्या ओळीची लाइट जायची. पुढे बिल बघून तिने तो माळ्यावर टाकला.

हे सगळं आईसाठी. तिला दमा आहे. थंडी पडली की छाती वाजायला लागते. दरवर्षी मनात एकच असतं, यंदाचा हिवाळा ही काढेल ना.

त्यात काकूंना नातू झाला. आईने त्यांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. पण लेक त्या घरी राबते, म्हणजे ते घर आपलंच, असा तिचा हिशोब. आमच्यात तान्ह्या बाळाला नव्या कापडात घालत नाहीत. जिची पोरं जगली, मोठी झाली, तिच्या जुन्या सुती पातळांची गोधडी बाळाला देतात. यापेक्षा मोठा आशीर्वाद आमच्याकडे नाही. आईने स्वतःसाठी गोधडी शिवायला दोन मऊ पातळं जपून ठेवली होती. तीच काढली.

मी चिडले. म्हटलं, तुझं पांघरूण विरलंय, आधी तुझं बघ. त्यांना काय कमी आहे?

ती म्हणाली, "नव्या कापडाक ऊब नसता गो. ती वापरान वापरान येता."

मी सुई ओवून द्यायचे, ती टाके घालायची. दिसत नव्हतं तरी टाका सरळ. मध्येच खोकायची, थांबायची, परत सुरू. झाल्यावर तिने ती धुतली, कडक उन्हात वाळवली आणि माझ्याकडे दिली. काकू "किती गोड गं" म्हणाल्या, फोटो काढला. मी खूश. वेडीच मी.

थंडी वाढली तशी ती गोधडी दारात आली. मी विचारलं नव्हतं, काकूंनीच सांगितलं. जुन्या कपड्यांची आहे ना, कुणी वापरलेले, कसे. बाळाला इन्फेक्शन नको. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून दाराला लावली. आणि बसलीय किती छान. वारा थांबतो, हीटर कमी लागतो, बिलही कमी येईल. हे सगळं त्या अगदी सहज बोलत होत्या. माझी बाजू घेतल्यासारखं.

मी पोळ्या लाटल्या. लादी पुसली. घरी आले तर आई वाट बघत बसलेली. तिने विचारलं, "बाळ निजता मा तिच्यार?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? ती हसली आणि आपलं विरलेलं पांघरूण अंगावर ओढून खोकत बसली. त्या हिवाळ्यात दोनदा तिला दवाखान्यात न्यावं लागलं. आणि रोज सकाळी मी ते दार पुसायचे, गोधडी उचलायचे, परत खुपसायचे. हाताने. राग यायचा, पण मी इतकी थकलेली असायचे की रागही नीट यायचा नाही.

मग एक दिवस काकूंनी पिशवी दिली. मोठ्या नातीचे स्वेटर. म्हणाल्या, तुमच्याकडे थंडी असते ना, तुझ्या मुलीला होतील. वरच्या स्वेटरवर इंग्लिश शाळेचा बिल्ला होता, कॉलरला त्या नातीच्या नावाची पट्टी शिवलेली. मागच्या वर्षीही असाच एक दिला होता. माझी लेक तो घालून महापालिकेच्या शाळेत गेली आणि पोरांनी तिला इंग्लिश मॅडम, इंग्लिश मॅडम करून रडवलं होतं.

पिशवी हातात धरून मी उभी राहिले. एकदम लख्ख दिसलं. इतकी वर्षं त्यांचं उतरलेलं आम्ही अंगावर घालतोय. त्यांच्या घामाचं, त्यांच्या खरजेचं काय असेल नसेल, मला कुणी कधी इन्फेक्शन म्हटलं नाही. त्यांचं जुनं म्हणजे दान. आमचं जुनं म्हणजे घाण.

मी म्हटलं, "काकू, हे वापरलेलं आहे ना?"

"अगं, धुतलंय सगळं स्वच्छ."

"आईनेपण धुतलं होतं."

त्यांना कळलंच नाही. मी पिशवी सोफ्यावर ठेवली, दाराशी गेले आणि गोधडी उचलली. धुळीने काळी झाली होती. वारा आत आला.

"हे काय? दिलेलं कुणी परत नेतं का?"

"बाळाला दिली होती. दाराला नाही."

त्या म्हणाल्या, इतकं घरच्यासारखं ठेवलं तुला. मी चपला घातल्या. काम गेलं.

घरी काही गोड झालं नाही. आईला सगळं खरं सांगितलं. तिने गोधडी हातात घेतली. मग म्हणाली, "दिललां परत हाडलंस गो?" आणि दिलेलं परत आणलं म्हणून दिवसभर माझ्याशी बोलली नाही. गोधडी तिने धुतली, पण स्वतः घेतली नाही. माझ्या लेकीच्या अंगावर घातली. आईची छाती अजून वाजते. पत्रा अजून गळतो. थंडी काही आपला मान बघून कमी होत नाही.

पण आता नव्या घरी काम धरताना मी पहिल्याच दिवशी सांगते. साडी नको, स्वेटर नको, उरलेली भाजी नको. पगार द्या, सुट्टी द्या. काही बायका तिथूनच परत पाठवतात. बाकीच्या कामवाल्या म्हणतात, हिला माज आलाय, पोर गारठेल हिची. गारठते, मला दिसतं. तिला स्वेटर मी घेईन, नवा, तिच्या मापाचा. उशीर होईल. पण दुसऱ्याच्या नावाची पट्टी शिवलेलं काही तिच्या अंगावर पुन्हा घालणार नाही.