जाईबाई खुर्चीवर बसल्या

माण गावात जाईबाईंना जेवताना कोणी पाहिलेलं नव्हतं. त्या जेवत असणार हे उघड होतं, कारण बाई अंगाने चांगली भरलेली होती. पण कधी आणि कुठे, ते घरच्यांनाही सांगता आलं नसतं. आधी सासरा, मग नवरा, मग पोरं, मग पाहुणे. सगळ्यांचं आवरलं की ओट्याला पाठ लावून, भाताच्या पातेल्यातच आमटी ओतून त्या काय ते उरकत. शेतं गेली, तिथे आयटी पार्काच्या काचा उभ्या राहिल्या. कौलारू घराच्या जागी चार मजली बिल्डिंग आली, लॅपटॉपवाले भाडेकरू आले, सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल आलं. जाईबाई मात्र ओट्यापाशीच राहिल्या. टेबलामुळे एकच सोय झाली होती, वाढताना वाकावं लागत नव्हतं.

त्यांचे यजमान अण्णासाहेब म्हणजे प्रस्थ. एकेकाळी ग्रामपंचायतीत निवडून आले होते आणि मनाने त्या खुर्चीतून आजवर उठलेले नव्हते. कुणाचंही लग्न असो, पहिल्या सोफ्यावर अण्णासाहेब. कुणाचाही वाढदिवस असो, फ्लेक्सवर कोपऱ्यात अण्णासाहेब, पांढरी टोपी आणि कपाळाला आठ्या. घरी जेवायला बसले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "मीठ कमी हाय." मग जाईबाई आतून चिमूटभर मीठ आणत. नवी नवरी असताना त्या या वाक्यावर रडायच्या. पुढे रडणं सुटलं, मीठ आणणं राहिलं.

त्यांच्या मुलाचं, नवनाथचं, डांगे चौकात रंगाचं दुकान होतं. भरपूर डबे खपवल्याबद्दल कंपनीने त्याला बोटीची सहल दिली. मुंबईहून निघून गोव्याच्या बाजूने फिरून परत यायचं, दोघांना बाल्कनीची खोली आणि एका संध्याकाळी त्या बाल्कनीतच खास जेवण. नवनाथच्या बायकोने, रुपालीने, नवे ड्रेससुद्धा घेतले, आणि ऐन वेळी तिला कांजिण्या निघाल्या. मग नवनाथने खटपट करून तिकिटं आईवडिलांच्या नावावर करून घेतली.

"बोटीत काय बघायचं? पानीच ना?" अण्णासाहेब म्हणाले. "आपली पवना काय कोरडी पडलीय?" आणि त्याच संध्याकाळी त्यांनी पांढऱ्या कपड्यांचे नवे जोड शिवायला टाकले.

बोटीवर चढताना काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, "सर, कहाँ से?"

"आमी माणचे," अण्णासाहेब छाती काढून म्हणाले.

"ओमान?"

"ओमान न्हाई, माण! माण!"

मुलीने घाईघाईने दुसऱ्या मुलीला बोलावलं आणि दोघी मिळून त्यांचा ओमानचा पासपोर्ट मागू लागल्या. मागे रांग खोळंबली. शेवटी जाईबाईंनीच कमरेच्या पिशवीतून आधार कार्डं काढून दिली. एवढ्या मोठ्या बोटीवर आपल्याला कुत्रंही ओळखत नाही, हे अण्णासाहेबांना तिथेच कळलं. ते जे रुसले ते दुसऱ्या दिवसापर्यंत खोलीबाहेर पडले नाहीत. जाईबाई एकट्याच हिंडल्या. पोहायचा तलाव पाहिला, नाचणाऱ्या पोरी पाहिल्या, आणि सरकत्या दाराच्या लिफ्टमधून उगीचच वर-खाली करून आल्या.

दुसऱ्या संध्याकाळी ऊन उतरायला लागलं तसा बाल्कनीत वेटर आला. पन्नाशीचा, वेंगुर्ल्याकडचा माणूस, हसरा. त्याने गोल टेबलावर पांढरंशुभ्र कापड घातलं, ते उडू नये म्हणून चारी बाजूंनी चिमटे लावले आणि समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. अण्णासाहेब एकीवर बसले. जाईबाई सवयीने त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

"वयनी, बसा मा," वेटर म्हणाला.

"यांचं होऊ दे. मी वाढते." त्यांनी सूपच्या भांड्यातला डाव उचलला.

वेटरने तो अलगद काढून घेतला. "वाडूचा काम माजा. तुमी वाडलात तर आमचे साहेब माका घरी पाठवतले."

माणसाची नोकरी जायला नको, म्हणून जाईबाई बसल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर, कधीही उठता येईल अशा बेताने.

"आता काय देऊ? भाजी का मासो? पापलेट ताजा आसा."

"भाजी. दोघांना," अण्णासाहेब म्हणाले.

"मला मासा," जाईबाई म्हणाल्या.

अण्णासाहेबांनी मान वळवली, जणू हे पलीकडच्या खोलीतून कुणी बोललं होतं. "आपल्या घरात मासा चालत न्हाई."

"घर ऱ्हायलं माणला," जाईबाई म्हणाल्या. "ह्यो समुंदर हाय. हितं मासाच ऱ्हातो."

त्यांचं माहेर पवनेच्या काठावरचं. लहानपणी भावांबरोबर त्या गुडघाभर पाण्यात मरळ धरायच्या. लग्नाच्या दिवशी सासूने सांगितलं, आमच्यात माशाचं नावसुद्धा काढायचं नाही. त्यांनी काढलं नाही. आता अख्खं पापलेट पुढे आलं आणि काटा-चमचा बाजूला सारून त्यांनी ते हाताने असं साफ केलं की ताटलीत फक्त सांगाडा उरला. वेटर म्हणाला, "वा! आमच्याकडली मांजरंय इतका चकचकीत करनत नाय." जाईबाईंना ही स्तुती फार आवडली.

अण्णासाहेबांपुढे वेटरने भाजी वाढली. आणि समोर बसलेल्या असल्यामुळे जाईबाईंना आयुष्यात पहिल्यांदा सगळं नीट दिसलं. नवऱ्याने ताट पाहिलं, मिशीवरून हात फिरवला, तोंड उघडलं आणि म्हटलं, "मीठ कमी हाय."

घास ताटातच होता.

"अवो," जाईबाई म्हणाल्या, "तुमी अजून खाल्लंय कुठं?"

"आं?"

"तोंडात गेलं न्हाई तर मीठ कमी कसं कळलं? वासावरनं?"

अण्णासाहेबांनी वेटरकडे पाहिलं. वेटर समुद्राकडे पाहत होता.

"तसं म्हनायचं असतं," ते शेवटी पुटपुटले. "आमचे आबा म्हनायचे. घरच्या कर्त्यानं म्हनायचं असतं."

"आणि मी वरनं मीठ टाकलेलं तुमी खायचा?"

"मग काय करनार? मागितलं की खावं लागतं. आमटी खारट व्हायची. मला डाक्टरानं बीपीची गोळी काय उगाच दिली?"

सासूची बोलणी, ते रडणं, आमटी चाखून चाखून बघणं, सगळं जाईबाईंच्या डोक्यात चढलं. हा माणूस भर समुद्रात आहे आणि कठडा कमरेएवढाच आहे, हाही विचार येऊन गेला. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि अण्णासाहेबांची टोपी उचलून घेऊन गेला. ते "धरा, धरा!" म्हणत उठले, पण टोपी गिरक्या घेत खाली गेली आणि लाटेवर कागदी होडीसारखी डुलायला लागली.

त्यांचं टक्कल मावळतीच्या उजेडात तांब्याच्या घंगाळासारखं चमकलं. जाईबाईंना हसू फुटलं. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, मग टेबलावर हात आपटून त्या हसल्या. शेजारच्या बाल्कनीतल्या गुजराती बाई डोकावून बघायला लागल्या. अण्णासाहेब आधी लाल झाले, मग त्यांनी टकलावरून हात फिरवला, आणि त्यांनाही हसू आवरेना.

"लई खारट खाल्लं गं," ते डोळे पुसत म्हणाले.

"मग खाल्लं कशाला? कुनी सांगितलं व्हतं?"

राग गेला नाही, पण भूकही गेली नाही. जाईबाई खुर्चीत मागे सरकून नीट बसल्या आणि वेटरला म्हणाल्या, "दादा, अजून एक पापलेट आणा." ते आलं तेव्हा अण्णासाहेबांनी इकडेतिकडे पाहून, सूपचा चमचा पुढे करून, त्यातला एक तुकडा मागितला. "नुसती चव बघतो."

"काटा बघून," जाईबाई म्हणाल्या.

परत आल्यावर अण्णासाहेबांनी चावडीवर बोट किती मजल्यांची होती ते सांगितलं. टोपीचं आणि तुकड्याचं सांगितलं नाही. पुढच्या रविवारी त्यांची थोरली बहीण यशोदाबाई भोसरीहून आली. स्वयंपाक झाला. जाईबाईंनी सगळी भांडी आणून टेबलाच्या मधोमध ठेवली, खुर्ची ओढली आणि अण्णासाहेबांच्या समोर बसल्या. "ज्याला जे पायजे ते घ्या," त्या म्हणाल्या. "रुपाली, तू पण बस."

रुपाली एवढ्या चपळाईने बसली की कांजिण्यांतून उठलेली पोर वाटेना. नवनाथ भाकरी हातात धरून तसाच राहिला. यशोदाबाई दारातच थबकल्या.

"गडीमानसांबरोबर बायका?" त्या म्हणाल्या. "अण्णा, तू काय बोलत न्हाईस?"

अण्णासाहेब खाली मान घालून आमटी भुरकत होते. "अक्का, गरम हाय तवर खा," एवढंच ते म्हणाले.

"वन्सं, या बसा," जाईबाईंनी शेजारची खुर्ची सरकवली. "तुमी कवा खाल्लंय हो गरम?"

यशोदाबाईंनी विचार केला. आयुष्यभर भोसरीच्या एका खोलीत, वर्कशॉपच्या पाळ्यांवर जाणाऱ्या माणसांना जेवू घालून त्यांची कंबर गेली होती. त्यांनी भावाकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, मग पदर खोचला आणि खुर्चीवर मांडीच घालून बसल्या. पहिली भाकरी त्यांनी गरम असतानाच संपवली. दुसरी स्वतःच उचलून घेतली.