बाबांसाठी केलेला ठोकळ्यांचा खेळ

बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी सालेकशाला शाळेत शिकवत होते. रजा टाकून मुर्रीला घरी आले. आई नव्हती, भाऊ बायकोमुलीला घेऊन पुण्याला राहायला गेलेला. घरात आम्ही दोघंच, आणि बाबांचं बोलणं दोन-चार शब्दांवर आलेलं.

डॉक्टरांनी बोटं हलवत ठेवायला सांगितलं होतं. मी रबरी चेंडू दिला, तर "कायले?" म्हणून त्यांनी तो बाजूला सारला.

भाचीचे एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे ठोकळे घरीच राहिले होते. त्यांतून मी आकडे सरकवायचा खेळ करायला घेतला: नऊ घरं, आठ ठोकळे, एक घर रिकामं; ठोकळे न उचलता, सरकवतच आकडे ओळीने लावायचे. पण ठोकळे खालच्या पाटीच्या खुंट्यांवर अडकायचे. मग जुना एक्स-रे कापून पाटीवर अंथरला, कडा पॉलिश पेपरवर घासल्या. तिसऱ्या दिवशी ठोकळे सरकू लागले. आकडे चिकटवले आणि हाताला येतील तसे ठोकळे आत ठेवले.

बाबा त्यात रमले. मी समोर बसलेली असायचे, पण माझ्याकडे त्यांचं लक्षच नसायचं. आठवड्याने सगळं जुळलं, फक्त सात आणि आठ एकमेकांच्या जागी. चार दिवस तिथेच अडले. एकदा मी चिडून म्हणाले, "बाबा, लक्ष द्या ना जरा." त्यांनी मान खाली घातली.

दुपारी ते झोपल्यावर मी स्वतः करून पाहिलं. मलाही जमेना. शेवटी शाळेतल्या गणिताच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ठोकळे कसेही ठेवले असतील तर निम्म्या वेळा तो जुळतच नाही. सरकवूनच विस्कटायचा असतो."

बाबा उठल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. "चूक माझी होती, बाबा. हा जुळणाराच नव्हता. उगाच बोलले तुम्हाला."

त्यांनी खेळाकडे पाहिलं. मग त्यांचं वाकडं झालेलं तोंड हसलं. "चार दिस," म्हणाले, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत धरून त्यांनी सातचा ठोकळा वर उचलला. तोवर ते फक्त ढकलत होते. मी आठचा काढून दिला, त्यांनी दोन्ही जागेवर ठेवले.

रजा संपली तसा भाऊ त्यांना पुण्याला घेऊन गेला. मी सालेकशाच्या खोलीवर परतले. पुढे कितीतरी दिवस भात दोघांचा शिजायचा.