शालिग्रामभाऊंचं माजघर

कॉम्प्युटरचा डबा उघडण्याआधी शालिग्रामभाऊ चपला काढत आणि दुकानाच्या लोखंडी शटरला तळहात टेकवत. अंगातली वीज उतरून जावी, आतले नाजूक भाग जळू नयेत, एवढाच त्यात हेतू. पण मलकापुरातल्या गिऱ्हाइकांना वाटायचं, भाऊ नमस्कार करतात. मग गिऱ्हाइकंही शटरला हात लावून तो कपाळाला लावू लागली. मीही लावला आहे. एम. ए. झालेली, शाळेत पोरांना मराठी शिकवणारी बाई मी, आणि त्या गंजक्या शटरच्या पाया पडले आहे! आठवलं की स्वतःचाच राग येतो.

माझं काम जरा चमत्कारिक होतं. कापूस वेचणाऱ्या बायांच्या शिव्या आणि म्हणी मी गोळा करत होते. माझं माहेर साखरखेर्ड्याचं. तिथल्या वावरांतून फिरताना कळलं, की बायांची खरी भाषा घरात नाही, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या ओळीत बोलली जाते. घाणेरडं नव्हे हो, रसाळ. 'तुह्या चुलीत मांजर व्यावो' ही त्यातली सगळ्यात साधी. रेकॉर्डर घेऊन मी अकरा हंगाम त्या बायांच्या मागे हिंडले. मैनाबाई नावाची एक म्हातारी होती, तिच्याकडे तर प्रत्येक जातीच्या माणसासाठी, म्हणजे चोरट्यासाठी, आळश्यासाठी, चुगलखोरासाठी, वेगळी शिवी होती. शिवी पुरी झाली की ती स्वतःच पदर तोंडाला लावून हसायची. ते हसूही माझ्याकडे रेकॉर्ड केलेलं होतं. मैनाबाई गेली, तिच्याबरोबरच्या बऱ्याच गेल्या. पुस्तक करायचं होतं मला त्यांचं.

आधी वह्या होत्या. त्यांना उधई लागली, म्हणून कॉम्प्युटर घेतला आणि तो घेऊन शालिग्रामभाऊंच्या दारात गेले. भाऊ मूळचे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे. कॉम्प्युटर आले तसे तेही शिकले, कुणाच्या हाताखाली न जाता. त्याचा त्यांना अभिमान होता आणि गावालाही होता. त्यांनी पहिल्याच दिवशी मला जे शिकवलं ते अख्ख्या गावाला शिकवलेलं होतं. कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी असे दोन कप्पे असतात. भाऊ म्हणायचे, "सी म्हंजे सपरी, डी म्हंजे माजघर. सपरीत कोनीबी येते, कोनीबी जाते. धान्य माजघरात ठेवा, मॅडम. सपरी झाडायची पाळी आली त झाडून टाकू, माजघराले हात नाही लागत."

इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. मी सगळं माजघरात ठेवलं, वह्यांतलं उरलेलं आणि रेकॉर्डर रिकामा करून त्यातले आवाजही. पेन ड्राइव्हवर एक नक्कल करून ठेवू का, असं एकदा विचारलंही होतं. तर म्हणाले, पेन ड्राइव्ह हरवते, माजघर कुठी हरवते? आता जो तो मला विचारतो, बाई, नक्कल का नाही ठेवली. घ्या, हे त्याचं उत्तर.

मशीन पुढे फार मंद झालं. भाऊंनी नवीन, छोटी, वेगवान डिस्क बसवून तिच्यावर नवी सिस्टिम टाकायचं ठरवलं. जुन्या डिस्कमधलं माजघर आहे तसं राहणार होतं. शटरला हात लावून त्यांनी डबा उघडला, तेव्हा मी समोर होते. शाळेची वेळ झाली म्हणून निघाले. संध्याकाळी आले तर पडदा काळा आणि भाऊ पाठमोरे. म्हणाले, मधातच लाईन गेली, सिस्टिम अर्धी राह्यली, आता मशीन चालूच होत नाही. पण घाबरू नोका.

मी घाबरले नाही. भाऊ होते ना!

मग तीन महिने 'रिकव्हरी' चालली. शाळेतून येता-जाता मी डोकवायची. "निघून राह्यलं मॅडम, टक्का टक्का निघून राह्यलं," असं ते म्हणायचे आणि मी घरी जाऊन मैनाबाईवर लिहायच्या प्रस्तावनेची वाक्यं मनात जुळवायची. एका दुपारी मात्र त्यांनी मान खाली घालून सांगितलं, की डिस्कच मेली. लाईनचा झटका तिच्या जिवावर बेतला, आता देव आला तरी त्यातून काही निघत नाही. मला रडू फुटलं. पण भाऊंचा चेहरा इतका पडलेला होता, की मीच त्यांचं सांत्वन केलं. तुम्ही काय करणार भाऊ, म्हटलं, वस्तू आहे, मरणारच. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी डब्यात पुरणपोळ्या नेल्या. ज्यानं माझं घर लुटलं त्यालाच मी जेवायला वाढत होते, आणि त्यांनी त्या पोळ्या खाल्ल्या. हे मला अजून पचत नाही.

मेलेली डिस्क मी मागून घेतली. भाऊ म्हणाले, काय करता तिचं, भंगार आहे. तरी मी आणली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली. गेलेल्या माणसाची एखादी वस्तू ठेवतो तशी.

वर्षभरानं एका लग्नाला जळगावला जायचं होतं. तिथे डिस्कमधली हरवलेली माहिती काढून देणारा एक जण आहे असं कळलं, म्हणून ती पर्समध्ये टाकली. त्या माणसानं तासभर तपासली आणि म्हणाला, बाई, डिस्क ठणठणीत आहे. मेलीबिली काही नाही. हिच्यावर कुणीतरी फॉरमॅट मारून नवी सिस्टिम टाकलेली आहे. एकदा नाही, तीनदा. मग त्यानं मला समजावून सांगितलं. नवी सिस्टिम टाकताना पडद्यावर सी-डी अशी नावं नसतात, नुसते आकडे असतात. कुणाचा तरी आकडा चुकला आणि नवी डिस्क सोडून जुनी पुसली गेली. पहिल्या वेळेनंतर हिला हात लावला नसता तर बरंचसं परत मिळालं असतं. पण वरून पुन्हा पुन्हा लिहिलं, की खालचं जातं.

म्हणजे भाऊंचा आकडा चुकला. चुकू दे! कुणाचा चुकत नाही? पण ते लक्षात आल्यावर त्यांनी मला हाक मारली नाही. मशीन निदान चालू व्हावं, मला कळू नये, म्हणून त्याच डिस्कवर पुन्हा सिस्टिम टाकली, आणि ती अर्ध्यात राहिली म्हणून आणखी एकदा. स्वतःची चूक झाकायला त्यांनी माझ्या बाया तीनदा पुरल्या. लग्नात मी काय जेवले ते मला आठवत नाही.

परत आल्यावर भर दुपारी दुकानात गेले आणि डिस्क त्यांच्या टेबलावर ठेवली. जळगावला दाखवली, एवढंच म्हटलं. उघडायला समोर कुठलाच डबा नव्हता, तरी भाऊंचा हात आपोआप शटरकडे गेला. आधी म्हणाले, जळगाववाल्यांले काय समजते. मग ते स्टुलावर बसले. केवढे म्हातारे दिसत होते.

"सगळ्या गावाले मी माजघर शिकवलं, मॅडम," ते म्हणाले. "अन् मीच थे झाडलं, हे कोन्या तोंडानं सांगू? तुमी मले मूर्ख म्हणसान, असं वाटलं."

"म्हटलं असतं," मी म्हणाले. "तोंडावर म्हटलं असतं, आणि तुमच्याच दुकानात बसून चहा प्यायले असते. मूर्खाचा राग येत नाही हो, भाऊ. तुम्ही मला तीन महिने टक्के मोजायला लावलेत."

भाऊ खाली मान घालूनच म्हणाले, "मॅडम, द्या मले एखादी शिवी. तुमच्याजवळ त ढीगभर आहेत."

"होत्या," मी म्हटलं.

त्या दिवसानंतर मी त्या गल्लीनं जात नाही. भाऊंना मनातल्या मनात 'तो' म्हणून पाहिलं, पण जिभेला इतक्या वर्षांची सवय, 'ते'च येतं. आणि खोटं बोलून विश्वास बुडवणाऱ्यासाठी मैनाबाईची एक खास शिवी होती. 'तुह्या जिभेले...' अशी सुरू व्हायची. पुढचं मला आठवत नाही. त्यानंतर ती हसायची, एवढं आठवतं.