वाढत्या अंगाचं पुस्तक

चारकोपला राहायला गेल्यावर माझं सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ते भाजीवाल्याशी.

ऐंशीच्या दशकातलं चारकोप म्हणजे नव्या बैठ्या घरांच्या रांगा, आणि कोण कुठून आलंय याचा कुणालाच पत्ता नाही. हे नोकरीसाठी मस्कतला. मी शाळेतली नोकरी सोडून इथे, भिंतींकडे बघत. आज कांदे घ्यायचे, उद्या बटाटे. (एकदमच घेतले तर उद्या बोलायचं कुणाशी?) फार एकटं वाटायचं हो!

शेवटी दारावर पाटी लावली : 'मुलांसाठी वाचनालय. दर रविवारी. फुकट.' ट्रंकेतली पुस्तकं सतरंजीवर मांडली. पहिल्याच रविवारी गल्लीतली झाडून सगळी पोरं हजर! आणि प्रत्येकाला सगळ्यात जाड पुस्तक हवं. मग काय विचारता!

"बाई, अंतर्धान म्हणजे काय?"

"बाई, हा राजा मेला की झोपला?"

"ओ बाई, हा बघा ना, ढकलतोय!"

दुपारभर नुसता गलका. माझा घसा बसला. इतकं छान मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पण अंगातली शिक्षिका गप्प बसेल तर ना! ही पुस्तकं पोरांना झेपत नव्हती, हे मला बघवेना. मी नियम केला. "आपल्याला जुळेल तेच पुस्तक घ्यायचं. आधी एक पान वाचा. बाईंना हाक मारावी लागली, की ते तुमचं नाही. ठेवा परत." (माझ्यावर कुणीही जबरदस्ती केली नव्हती!)

पुढच्या रविवारी शेजारच्या परब वहिनी लेकीला, सुरेखाला, हाताला धरून दारात.

"बाईनु, सातवीतल्या चेडवाक ह्यां असलां बारीक पुस्तक? जरा वाढत्या अंगाचां दिया. दोन वर्सां तरी पुरात!"

सुरेखाचा शाळेचा स्कर्टही वाढत्या अंगाचाच होता, घोट्यापर्यंत. मला भलताच जोर चढला.

"वहिनी, स्कर्ट आतून दुमडता येतो, पुस्तक कसं दुमडणार? आज जुळेल ते आज. पोरगी वाढली की पुस्तक बदलू."

वहिनींना पटलं. त्यांनी ते गल्लीभर सांगितलं, बाकीच्या आयांनाही पटलं. मी खूश!

आणि मग शांतता पसरली. प्रत्येक पोराला आपापलं पुस्तक सापडलं. सतरंजीवर माना खाली, नुसती पानं उलटल्याचा आवाज.

"पाणी हवं का रे?"

"नको बाई."

"कळतंय ना सगळं?"

"हो बाई."

"पंखा वाढवू?"

"श्शू!"

घर पोरांनी भरलेलं आणि बोलायला कुणी नाही. घर रिकामं होतं ते परवडलं. निदान रेडिओ तरी लावता यायचा! मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच एक पातेलं पाडलं. एकाने मान वर केली असेल तर शपथ.

पुढच्या खेपेला मात्र मला राहवेना. ट्रंकेच्या तळातला सगळ्यात जाड, रुक्ष ठोकळा काढला आणि हळूच सुरेखाच्या मांडीवर ठेवला.

"हे घे. जरा वाढत्या अंगाचं आहे. अडलं की विचार हं मला. कितीही वेळा विचार!"

तिने अर्धं पान वाचलं. कपाळाला आठी पडली. तिने माझ्याकडे बघितलं. मी आशेने पुढे सरकले.

तिने पुस्तक मिटलं.

"बाई, तुम्हाला हाक मारावीशी वाटली. म्हणजे हे माझं नाही."

न्यायला आलेल्या परब वहिनी दारातून कौतुकाने म्हणाल्या, "शाबास गो! बाईंचां बरोबर ध्यानात ठेवलंस!"

इतकी वर्षं वर्गात घसा फोडला, कुणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. आणि शिरलं ते नेमकं हे, की बाईंना हाक मारायची नाही!