आखाजीपर्यंत झाकलेला हात

पुना जन्माचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. पारोळ्याकडच्या एका पाटलाकडे त्याचं निम्मं आयुष्य गेलं. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं, आखाजीला संपतं. गाऱ्हाणं असलं, तरी ते आखाजीलाच मांडायचं. मधेच तोंड उघडलं तर गडी खोडीचा ठरतो. एकदा बैलाने त्याच्या बरगडीत शिंग घातलं होतं, तेही त्याने आखाजीला सांगितलं.

पुढे तो अमळनेरला कापसाच्या जिनात लागला. तिथे रेचा नावाच्या यंत्रावर कापसातली सरकी वेगळी होते. माघात एके सकाळी कापूस अडकला. पुनाने तो बोटांनी ढकलला आणि रेच्याने हात आत ओढला. शेजारच्या रेच्यावरच्या सातपुड्याकडच्या भुराने झटकन पट्टा पाडून रेचा थांबवला, म्हणून पंजा वाचला. दोन बोटं मात्र चेचली.

छगन मुकादमाने चिंधी गुंडाळली. "भर हंगाम शे, पुना. आते सांगशी त' शेठ फाटकबाहेर काढी. आखाजीले मी सोता सांगसू."

पुनाला ते पटलं. आखाजी म्हटल्यावर पटणारच.

तो अंगरख्यात हात लपवून कामाला जाऊ लागला. छगनने त्याला झाडलोटीला लावलं. मॅनेजरच्या बुटांचा आवाज आला की पुना कापसाच्या ढिगाआड व्हायचा. चिंधीला वास सुटला. घरी बायको, बेबाबाई, त्याला डाव्या हाताने भाकर खाताना बघायची, आणि तिचा घास तोंडातच फिरायचा.

होळी तोंडावर आली तेव्हा तिचा भाऊ रुपचंद भुसावळहून आला. तो रेल्वेच्या कारखान्यात होता.

"दाजी, हात दखाडा."

"काही नही, लागी गया जरासा."

रुपचंदने चिंधी सोडली आणि तोंड फिरवलं. "कोनले सांगं?"

"आखाजीले सांगसू ना. साल पुरं व्हवानं आदी तोंड कसं उघाडानं?"

"अहो, ते काय पाटीलनं खळं शे का? आमनाकडे बोटले खिळा लागना तरी त्याच दिन सांगनं पडस. भरपाईना सरकारी कायदा शे. उशीर व्हयना का इचारतस, कामवरच लागनं कशावरथून?"

तेवढ्यात दारातून छगनचा आवाज आला. तो आत आला नाही. "पुना, इळा लागना ना तुले? गवत कापताना? कोनी इचारं त' तेच सांगजो." आणि निघून गेला.

पुनाचे ओठ पांढरे पडले. हात रेच्यात गेला तेव्हाही तो असा भ्याला नव्हता.

"कोनी देखं का?" रुपचंदने विचारलं.

"भुरानी. पन तो होळीले डोंगरमा चालना. सकायले."

"मंग सकायलेच सांगानं," बेबाबाई म्हणाली.

सकाळी भोंग्याआधी पुना आणि बेबाबाई जिनाच्या फाटकात उभी होती. भुरा गाठोडं डोक्यावर घेऊन निघालेलाच होता. बेबाबाईने त्याची वाट अडवली. मॅनेजर आला. पुनाने फक्त चिंधी सोडली.

"अरे देवा! इतके दिवस कुठे होतास?"

"साहेब, इळा लागेल शे त्याले," छगन पुढे झाला. "घरना इळा." मग तो भुराकडे वळला. "काय रे भुरा? पुढना हंगामले येवानं शे ना तुले?"

भुराचीही बायकापोरं याच जिनावर जगत होती. बेबाबाईने पदर तोंडात कोंबला.

भुराने गाठोडं खाली ठेवलं.

"पट्टा मी पाडा, साहेब. हात मी ओढी काढा. रेच्यामाईन."

मॅनेजरने छगनकडे पाठ केली. मग कारकुनाला म्हणाला, "आत्ताच्या आत्ता लिहून घ्या. दोघांचंही. आणि याला टांग्यात घालून दवाखान्यात न्या."

पुना फाटकातच खाली बसला. बोटं राहतात की जातात, कोणाला ठाऊक नव्हतं. हात चेचल्यापासून ज्याने हायसुद्धा म्हटलं नव्हतं, तो लेकरागत मोठ्याने रडू लागला.

बेबाबाई त्याच्याशेजारी टेकली. "रडी ल्या," ती म्हणाली. "आते आखाजीनी वाट नका देखू."