चार चिरांचा चेंडू

सुमनकाकू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आमच्या क्रिकेट क्लबच्या रखडलेल्या नव्या कुंपणासाठी जागेची पुन्हा मोजणी करून घेत होतो. बातमी ऐकताच मनात पहिला शब्द उमटला, ‘सुटलो’. त्या शब्दापाशी मी गेले काही आठवडे अडकून पडलो आहे… म्हणून हे लेखन. आमच्यात समेट कधीच झाला नाही, आणि मरणानंतर तो झाल्यासारखे लिहिणे मला शोभणार नाही.

बुलढाण्यात देऊळघाट रस्त्याच्या बाजूला आमची कॉलनी आहे. क्लबच्या मैदानाला लागून कॉलनीची मोकळी जागा, आणि त्या जागेला लागून काकूंचे घर. ती जागा क्लबमध्ये घ्यावी, तिला जाळी, दिवे आणि कुलपाचे फाटक बसवावे, असा ठराव सचिव या नात्याने मीच मांडला. तिथे बायका वाळवण घालत, म्हातारी माणसे संध्याकाळी टेकत, क्लबची सभासद नसलेली पोरे खेळत. काकूंनी घरोघरी हिंडून विरोध उभा केला आणि एक लढाई स्वतःच्या अंगणातही उघडली. तिथे पडलेला आमचा टेनिसचा प्रत्येक चेंडू त्या विळीवर धरत, भरल्या वांग्याला देतात तशा, बुडाशी जोड ठेवून, चार चिरा देत आणि भिंतीवरून परत फेकत. “काकूचं वांगं आलं बे!” म्हणून मुले ओरडत. एकदा मी जाब विचारायला गेलो, तर म्हणाल्या, “काऊन रे सेक्रेटरी? मसाला बी भरून देऊ काय?” माझे नाव त्यांनी कधी घेतले नाही.

मारुतीच्या मंदिरात कॉलनीची बैठक झाली. मी विकासाविषयी बोललो. काकू उठल्या. “जागा साऱ्याइची अन् किल्ली तुह्याजवळ? माह्या नातवाले दारापुढं खेळाले तुही पावती फाडा लागन काय?” लोक हसले. त्या हशाने मी बिथरलो आणि अतिशय सौम्य आवाजात, म्हणूनच अधिक विखारी, बोलून गेलो, “काकू, तुमचं वय झालं आता. पुढचं पुढच्यांना ठरवू द्या.” त्यांनी पदर खोचला. “म्हंजे मी मराची वाट पाहून राह्यला तू. पाह्य. मले काही घाई नाही.”

मी खरोखरच वाट पाहिली. घराघरातल्या मुलांना सभासदत्वाचे आमिष दाखवून मी विरोधक एकेक करून फोडले. शेवटी काकू एकट्या उरल्या, आणि जागेला लागून घर त्यांचेच असल्याने त्यांच्या एकटीच्या हरकतीवर काम अडून राहिले. रस्त्यात मी समोर आलो की त्या तोंड फिरवत; मीही फिरवत असे. मैदान वाढावे, हे माझे मत आजही आहे. परंतु त्यांच्या हयातीत, त्यांच्यासमोर ते पटवून देण्याची धमक माझ्यात नव्हती.

तेरवीनंतर त्यांचा मुलगा भेटला. “भाऊ, आईचं भांडण आईसंगं गेलं. आमची काही हरकत नाही, लावा तुमची जाळी.” मी मान डोलावली. आभारही मानले…

परवा संध्याकाळी एक उंच फटका त्या अंगणात गेला. सवयीने सगळे भिंतीकडे पाहत थांबले. भिंतीवरून काहीच आले नाही. थोड्या वेळाने काकूंची सून घराच्या फाटकातून बाहेर आली आणि हसून चेंडू माझ्या हाती देऊन गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी तो उलटसुलट करून पाहिला… कुठेही चीर नव्हती.